बारदानाच्या खोलीतले नाना

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जळगावच्या मेहरूण भागातल्या पोरांच्या अंगात वारं भरायचं आणि त्यांच्या आयांना घोर लागायचा. निकालाच्या दिवशी पोरं दप्तरं डोक्यावर नाचवत घरी यायची, आणि तिकडे दालमिलीत डाळ निवडणाऱ्या बाया एकमेकींना विचारत बसायच्या, "तुनी पोर आते कोठे ठेवशी वं?" एप्रिल अर्धा झाला की शाळा बंद, ती जून अर्धा होईपर्यंत. मिल मात्र याच दिवसांत दम न घेता चालायची. डाळ वाळवायला जळगावचं हे ऊन पुन्हा वर्षभर मिळत नाही.

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस होतं त्यांचं निभून जायचं. ज्यांचं माहेर धड होतं त्या पोरांना एसटीत बसवून मामाकडे धाडायच्या. भागाबाईकडे दोन्ही नव्हतं. सासू-सासरे कधीच गेलेले. माहेर अमळनेरकडच्या खेड्यात, पण भाऊ बायकोसकट सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला आणि माहेराच्या दाराला कुलूप लागलं. नवरा सुपडू ट्रकवर ड्रायव्हर. मुंबई-आग्रा रस्ता हेच त्याचं घर. धुळ्यात माल उतरला तर तेवढ्यात जळगावला येऊन तोंड दाखवून जायचा. राहता राहिली त्यांची एकुलती एक कुंदा. पहिलीत होती, आणि इतकी बडबडी की शेजारपाजारचे तिला रेडिओ म्हणत.

भागाबाई उंच, हाडापेरानं मजबूत, कमी बोलणारी बाई. पण एकदा मनात धरलं की सोडायची नाही. ती लहान असताना गावात एका बाईनं पाण्यावरून तिच्या आईला ढकललं होतं. भागानं आठवडाभर वाट पाहिली, त्या बाईची पितळी घागर विहिरीच्या दगडावर आपटून चेपवली, आणि मग स्वतः तिच्या दारात जाऊन सांगितलं, "मी चेपाडी." मार खाल्ला, पण सांगितलं. गुपचूप सूड घेणं तिला चोरीसारखं वाटायचं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलात ती मिलीतल्या दोघी-तिघींना घेऊन अभिमन नानांकडे गेली. नाना म्हणजे पोरांच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. गावाबाहेर शेती, मेहरूणात माडीचं घर, पांढरंशुभ्र धोतर. ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

"नाना," भागाबाई म्हणाली, "शाळानी येक खोली उघाडी ठेवा ना. पोरे बसतीन तठे. आम्ही बाया पाळीपाळीनं येकेक जन राहसूत. तुम्हले काही तरास नही."

नानांनी सुपारी तोंडात टाकली. "अगं, शाळा म्हणजे काय धर्मशाळा आहे? उद्या एखादं पोर पडलं-झडलं तर माझ्या नावानं बोंब. पोरं जन्माला घातली ती तुम्ही, सांभाळायची शाळेनं?"

"घर येकटं सोडता येत नही, नाना. तलाव जोडे शे. गेल्या सालले येक पोर बुडता बुडता वाचनं."

"मग कुलूप लाव बाहेरून," नाना हसून म्हणाले. "पाण्याचा हंडा ठेव, चार भाकरी ठेव. घरात काय वाघ येऊन खाणार आहे तिला?"

ओट्यावर बसलेले आणखी दोघे हसले. बाया खाली मान घालून परतल्या.

आणि भागाबाईनं तेच केलं. दुसरं करणार काय? मिलीत लहान पोर आणायला बंदी, यंत्राच्या पट्ट्याची भीती. खाडा केला तर दुसरी बाई दारात उभीच. तिनं कुंदाला हंडा भरून दिला, चिंचोके दिले, चिंध्यांची बाहुली दिली आणि पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं. पहिले काही दिवस कुंदा दाराच्या फटीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारायची. मग उन्हं चढली. रस्ता दुपारी ओस पडू लागला. बोलायला कुणी उरलं नाही.

मे महिन्यात एका दिवशी भागाबाई कामावरून आली, कुलूप काढलं, तर कुंदा दारापाशीच पडलेली. अंग तव्यासारखं, कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही. हंडा कोपऱ्यात पालथा झाला होता. केव्हा सांडला कोण जाणे. भागाबाईनं तिला खांद्यावर टाकलं आणि सरकारी दवाखान्यापर्यंत पळत गेली. वाटेत एका रिक्षावाल्यानं गाडी तिच्या बरोबरीनं घेतली, तेही तिला कळलं नाही. तो बराच वेळ बाजूनं हाका मारत चालला होता.

कुंदा वाचली. पण डॉक्टर म्हणाले, उन्हाची झळ मेंदूला लागली आहे. पोरगी चालायला लागली ती झोकांड्या खात. हातात पेन्सिल धरली की हात थरथरायचा. आणि जीभ जड झाली. जी पोर रेडिओसारखी बोलायची, तिला 'आई' म्हणायलाही तोंड वाकडं करून जोर लावावा लागे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दोन आठवडे तिला वर्गात बसवली, मग संस्थेनं नाव काढून टाकलं. म्हणाले, बाकीच्या पोरांचा खोळंबा होतो.

सुपडू येऊन पाहून गेला. कुंदाला मांडीवर घेऊन बसला आणि बायकोला एक शब्द बोलला नाही. भागाबाईला वाटलं, यानं दोन फटके मारले असते तर बरं झालं असतं. कुलूप तिनं लावलं होतं. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. डाळ निवडताना, चूल पेटवताना, कुंदाची वेणी घालताना, तो किल्ली फिरल्याचा खट्ट आवाज तिच्या कानात यायचा. आणि तो आला की त्याच्या पाठोपाठ नानांचं हसणंही यायचं. हळूहळू तिनं किल्लीचा आवाज मागे लोटला आणि ते हसणं पुढे ओढलं. त्याच्यावर जगता येत होतं.

त्याच पावसाळ्यात तिला मिलीतल्या भिकुबाईकडून एक गोष्ट कळली. भिकुबाईचा नवरा रुपचंद त्या शाळेत शिपाई होता. बाकं चोरल्याचा आळ घेऊन नानांनी त्याला काढून टाकलं होतं. भिकुबाई म्हणाली, "सुट्टीमा शाळा बंद राहस असं तुले कोनी सांगं? बठ्ठा वर्गास्मा नानाना कांदा राहस. भाव येस तोपावत तठेच राहस."

भागाबाईनं निवडता निवडता हात थांबवला. "कांदा?"

"हो. कांदाले सावली लागस ना."

भागाबाई हसली. तिला हसताना पाहून भिकुबाई जरा सरकून बसली.

वर्षभर भागाबाईनं तो राग जपला. सुपातला एकेक खडा वेचून बाजूला टाकताना ती मनात नानांचं नाव घ्यायची. कधी वाटायचं, त्यांच्या कडब्याच्या गंजीला काडी लावावी. पण गंज जळून जाईल आणि नानांना कळणारही नाही की कुणी जाळली, का जाळली. शिवाय गंजीशेजारी बैल बांधलेले असत. त्यांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं. कधी वाटायचं, भर बाजारात गाठून चप्पल काढावी. पण मार खाल्लेल्या माणसाला लोक हळद लावतात, कीव करतात. ते नको होतं. तिला नाना एका दारामागे हवे होते. बंद दारामागे, पत्र्याखाली, दुपारच्या वक्ताला. आणि त्यांना माहीत असायला हवं होतं की आपण तिथं कशासाठी आहोत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात संधी आपल्या पायानं चालत आली. सुंदरबाई नावाची एक मुकादमीण होती, ती नानांच्या कांद्याच्या निवडणीसाठी बायांची टोळी गोळा करत होती. शाळेच्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्याच कमरेला असत. सडका बाजूला काढायचा, चांगला पोत्यात भरायचा. भागाबाईनं मिल सोडली आणि टोळीत नाव दिलं. शाळेच्या आवारात कडुनिंब होता, त्यामुळे कुंदालाही सोबत नेता येत होतं. टोळीत भिकुबाईही होती.

शाळेत पाऊल टाकलं तेव्हा भागाबाईला पहिल्यांदा दिसलं की वर्गांच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. कांद्याला वारा लागावा म्हणून. फळ्यावर अजून बाराखडी लिहिलेली होती आणि तिच्याखाली भिंतीपर्यंत लाल कांद्याचा ढीग. ती खाली बसली आणि कामाला लागली.

नाना रोज एक चक्कर टाकायचे. पहिल्या दिवशी त्यांनी भागाबाईकडे पाहिलं. तिनंही मान वर करून नीट पाहू दिलं. नानांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "नवी आहे का ही?" त्यांनी सुंदरबाईला विचारलं. "हात चालतो का?"

त्यांना ती आठवत नव्हती. भागाबाईला हे सुचलंच नव्हतं. वर्षभर जो माणूस तिच्या ताटात, उशाशी, चुलीपाशी होता, त्याच्या लेखी ती कधी घडलीच नव्हती.

दोन-तीन दिवसांनी कुंदा निंबाखालून उठून नळाकडे निघाली, झोकांड्या खात, एक हात हवेत धरून. नाना समोरून येत होते. थांबले, आणि गमतीनं म्हणाले, "अरे, ही पोरगी अशी का चालते? सकाळी सकाळी ताडी पाजली का काय हिला?"

कुणी हसलं नाही. नानांना त्याचंही काही वाटलं नाही. ते पुढे गेले.

भागाबाईनं हातातला कांदा पोत्यात टाकला. तिचं मन एकदम शांत झालं. भाकरी भाजायची वेळ झाली की तवा कसा तयार होतो, तसं.

शाळेच्या टोकाला एक बारकी खोली होती. तिला पत्रा, एकच झरोका, आणि आत नानांचं बारदान, म्हणजे रिकामी पोती, छातीएवढी रचलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली. बाया डबे घेऊन मागच्या भिंतीच्या सावलीला गेल्या. कुंदा निंबाखाली झोपली होती. सगळं मेहरूण दारं लावून पडलं होतं, कुत्रीसुद्धा गटारात शिरली होती. ट्रक येणार म्हणून नाना बारदान पाहायला त्या खोलीत शिरले. भागाबाई उठली, चालत गेली, दार ओढलं, कडी घातली, आणि कडीत लटकणारं त्यांचंच कुलूप दाबलं.

मग दाराच्या बाजूला भिंतीला टेकून खाली बसली.

"अरे, दार कोणी लावलं?" आतून आवाज आला. "मी आहे आत! सुंदरबाई!"



नानांनी दार ठोकलं. शिव्या दिल्या. टोळीच्या टोळीला हाकलून देईन म्हणाले. मग थोडा वेळ लाथा मारल्या. पत्रा तापून कडकड वाजत होता. बारदानाची धूळ उडाली असावी. त्यांना खोकला लागला आणि थांबेना. खोकला संपला तेव्हा आवाजातली मिजास गेली होती.

"कोण आहे बाहेर? मला सावली दिसतेय दाराखालून. कोण आहेस तू?"

"वळखा," भागाबाई म्हणाली.

"बाई आहेस. कोणाची? काय पाहिजे तुला? बोल, देतो."

"काही नको. वळखा. मी कोन शे ते सांगा, दार उघाडस."

नाना घाईघाईनं बोलू लागले. "तानुवहिनी आहे का? वहिनी, विहिरीचं पाणी मी तोडायला नको होतं. भाऊ गेल्यावर अर्धी विहीर तुमचीच होती. देतो, पुढच्या हंगामापासून पाणी देतो. उघडा."

"मी तानुबाई नही."

बाजूला पावलं वाजली. भागाबाईनं वळून पाहिलं. आरडाओरडा ऐकून बाया भिंतीमागून आल्या होत्या, सुंदरबाई सगळ्यांच्या पुढे. ती कमरेच्या किल्ल्या काढत कडीकडे निघाली. भागाबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. सुंदरबाईनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा निंबाखाली झोपलेल्या कुंदाकडे, आणि हात मागे घेतला.

आतून नानांचा आवाज आला, आता रडवेला. "मग रुपचंदची बायको आहेस तू. हो ना? अगं बाई, तुझ्या नवऱ्यानं बाकं चोरली नाहीत. मला माहीत आहे. माझ्या भाच्यानं विकली ती. घरची अब्रू होती, म्हणून रुपचंदचं नाव घेतलं. परत घेतो त्याला कामावर. उघड आता, जीव घाबरा होतोय."

भिकुबाई तिथंच उभी होती. तिच्या हातातला डबा खाली पडला आणि भाकरी धुळीत गेली. ती उचलायला वाकलीच नाही.

"मी भिकुबाई बी नही," भागाबाई म्हणाली. एकामागून एक नावं येत होती आणि त्यांत तिचं नव्हतं. या माणसाला आपली पापं पाठ होती. फक्त कुंदा त्यांत नव्हती. शेवटी तिनंच सांगितलं. एप्रिल, ओटा, सुपारी, खोली मागायला आलेल्या बाया. कुलूप लाव म्हणालात, वाघ थोडाच खाणार म्हणालात. "काल तुम्ही जिले ताडी पाजी म्हने, ती मनी अंडेर. माझी पोर. बंद खोलीमा तिले ऊन लागनं."

आतून नाना म्हणाले, "मी... मी नुसतं म्हणालो. कुलूप तर तूच लावलंस ना, बाई?"

वर्षभर हे वाक्य भागाबाईच्या दाराशी उभं होतं आणि तिनं त्याला आत घेतलं नव्हतं. सुपडूनं ते म्हटलं नव्हतं, डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते या माणसानं.

"हो," ती म्हणाली. "मीच लावं. हाई बी मीच लावं शे."

नाना पाणी मागू लागले. ती हलली नाही. त्यांनी देवाची शपथ घातली, पोराबाळांची घातली. ती समोरच्या उघड्या खिडक्यांकडे पाहत राहिली, जिथून कांद्याला वारा लागत होता. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, खूप बरं वाटत होतं. किती दिवसांनी छातीवरचा धोंडा कुणी उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवावा, तसं.

मग नानांचं बोलणं अडखळू लागलं. "पाणी"मधला 'प' नुसता ओठांवरच राहिला. शब्द जाड झाले, एकमेकांत मिसळले, तोंडात काही कोंबल्यासारखे. भागाबाईची मान ताठ झाली. हा आवाज ती रोज ऐकत होती. सकाळी उठल्यावर पहिला आवाज हाच असायचा. आपण उठलो केव्हा ते तिला कळलं नाही. तिनं सुंदरबाईच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा ओढून घेतला, किल्ली शोधली आणि दार उघडलं.

नाना पोत्यांवर पडले होते, धोतर सुटलेलं, तोंड लालभडक. बायांनी ओढून निंबाखाली आणलं. माठ ओतला. ओलं बारदान अंगावर टाकलं. शुद्धीवर यायला त्यांना बराच वेळ लागला. डोळे उघडले तेव्हा समोर भागाबाई उभी होती, जाग्यावरच. घागर चेपवल्यावर उभी राहिली होती तशी.

"पोलिसात देईन तुला," नाना पुटपुटले.

"द्या ना," मागून भिकुबाई बोलली. आजवर तिनं नानांपुढे पदर डोक्यावरून सरकू दिला नव्हता. "बठ्ठ्याच येतस आम्ही. बाकडास्नं बी तठेच सांगूत. विहिरीनं बी."

नानांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी काय ऐकलं हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

गावात त्यांनी सांगितलं की कडी अडकली होती. गावानं मान डोलावली, आणि संध्याकाळपर्यंत खरी गोष्ट तलावाच्या दोन्ही काठांना पोचली. नानांच्या घरची माणसं बाजारात खाली पाहून चालू लागली. भाव नसताना नानांनी कांदा उचलून विकून टाकला. तानुबाईच्या शेतात पाणी आलं. पावसाळ्याआधी रुपचंदला बोलावणं आलं आणि शाळेच्या किल्ल्या त्याच्या हातात पडल्या. त्यानं पहिलं काम काय केलं, तर दोन वर्ग झाडून काढले, कांद्याची फोलपटं गोणीभर निघाली, आणि भिकुबाईनं मिलीत निरोप पोचवला की पोरं आणा. नाना आले नाहीत, हरकतही घेतली नाही.

सुपडू आला तेव्हा भागाबाईनं त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मंग उघाडं कसाले?"

भागाबाईनं कुंदाकडे पाहिलं. "जीभ जड व्हयनी व्हती तेनी," ती म्हणाली.

सुपडूनं विडी पेटवली. मग, त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच, त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुढची काही वर्षं सुट्टीत त्या दोन खोल्या उघड्या राहिल्या. मिलीतल्या बाया, आणि पुन्हा मिलीत लागलेली भागाबाईही, पाळीपाळीनं थांबत. कुंदा मोठी झाली. चालणं थोडं सुधारलं, बोलणं नाही. पण लहान पोरांना तिचं बोलणं समजायचं, आणि सुट्टीत तीच त्यांना सांभाळू लागली. पोरांना तलावाकडे जाऊ द्यायची नाही. दारात हात पसरून उभी राहायची. संस्थेची नवी माणसं भागाबाईच्या पाळीच्या दिवशी त्या खोल्या पाहायला आली, तेव्हा त्यांतल्या कुणीतरी विचारलं, ही सुट्टी एवढी लांब हवीच कशाला, कष्टकऱ्यांच्या पोरांचं काय. भागाबाईकडे पाहून सगळे थांबले. ती म्हणाली, "सुट्टी तुम्हले जितली पाहिजे तितली ल्या. किल्ली आठे ठेवी जा."

तिनं नानांना माफ केलं नाही. रस्त्यात दिसले की नाना गल्ली बदलायचे, आणि ती मुद्दाम चाल वाढवायची, गल्ली बदलायला त्यांना वेळ मिळू नये म्हणून. शहाण्णव साली नाना गेले. धाकट्या सुनेनं माणूस पाठवला, तेराव्याला या, मागचं विसरा, मेल्या माणसाशी वैर नसतं. भागाबाईनं निरोप ऐकून घेतला, आलेल्या माणसाला पाणी दिलं आणि म्हणाली, सांग, भागाबाई कामावर गेली. तेराव्याच्या दिवशी मिलीत हरभऱ्याचा नवा माल आला होता. तिनं कुंदाला जेवायला वाढलं, डोक्याला फडकं बांधलं आणि सकाळच्या पाळीला गेली.